केपच्या रेस्टॉरंटमध्ये वाईन लिस्ट समोर आली की काय मागवावं?

रानजाई
फेब्रुवारीत आम्ही सहा जण दक्षिण आफ्रिकेत केप टाउन, स्टेलेनबॉश आणि फ्रांशहुकला जाणार आहोत. तिथल्या काही रेस्टॉरंटांच्या वाईन लिस्ट आधीच उघडून पाहिल्या आणि गोंधळ वाढला. पांढऱ्या वाईनचं शेनिन ब्लां आणि लाल वाईनचं पिनोटाज ही तिकडची खास द्राक्षं एवढं ठाऊक आहे. पण एकाच पानावर शेनिनच्या दहा-बारा बाटल्या आणि किमतींत चार-पाच पट फरक दिसला, तेव्हा नुसत्या द्राक्षाच्या नावावरून काहीच ठरवता येईना.
दोघं शाकाहारी आहेत, दोघांना जेवण तिखटच लागतं, आणि एकाने आजवर फक्त नाशिकची शेनिन प्यायली आहे. कुठल्या वाईनची चव कशी, कशाबरोबर काय मागवायचं आणि वेटरला नेमकं काय विचारायचं, हे जाणकारांनी सांगावं. "महाग ती चांगली" हे उत्तर नको.

केपवासी
शेनिनपासूनच सुरू करा. दक्षिण आफ्रिकेत सर्वांत जास्त लागवड याच द्राक्षाची आहे, त्याच्या माहेरी फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात आहे त्याहूनही जास्त. जुन्या बाटल्यांवर ते 'स्टीन' नावानं दिसतं. किमतीतला फरक द्राक्षाचा नाही, शैलीचा आहे, आणि एकाच पानावर तीन अगदी वेगळ्या शैली शेजारी शेजारी छापलेल्या असतात.

पहिली शैली ताजी. स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १५ अंशांना आंबवलेली, काही महिन्यांत बाटलीत भरलेली. पेरू, हिरवं सफरचंद, अननस, थोडं लिंबू. ८ ते १० अंशांना प्यायची आणि वर्ष-दीड वर्षात संपवायची. लिस्टवर स्वस्त असते ती हीच.

दुसरी शैली जुन्या वेलींची. स्वार्टलँड, स्टेलेनबॉश, पार्ल इथे मांडवाशिवाय, झुडपासारख्या वाढवलेल्या वेली आहेत, बऱ्याच ठिकाणी पाणी न देता. पीक कमी येतं. रस आधी वापरलेल्या पिंपात आंबवतात आणि तळाच्या यीस्टच्या साक्यावर महिनोन् महिने ठेवतात. पेरू मागे पडतो. पिवळं सफरचंद, सुकं जर्दाळू, मध, कॅमोमाइल, तोंडात थोडा मेणचट भरीवपणा आणि शेवटी खारट झाक. ही ११ ते १३ अंशांना प्या. बर्फगार केली की जे पैसे दिले तेच लपतं. चांगली बाटली आठ-दहा वर्षं टिकते.

तिसरी शैली नव्या ओकच्या पिंपातली. व्हॅनिला, भाजलेला पाव, लोणी. लॉबस्टर किंवा क्रीमच्या सॉसबरोबर छान लागते, नुसती प्यायला जड.

वेटरला तीन प्रश्न विचारा: लाकडात ठेवली आहे का, असेल तर पिंप नवं की जुनं, आणि साखर किती. लिटरमागे ५ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर तिकडे ती ड्राय, म्हणजे गोड नसलेली, धरतात. एवढ्या उत्तरांवर दहा-बारातल्या आठ बाटल्या बाद होतात.

दगडफूल
@केपवासी, पेरूचा वास येतो कुठून? द्राक्षाचाच की यीस्टचा?

केपवासी
दोघांचा मिळून. द्राक्षात गंधकयुक्त संयुगं बांधलेल्या अवस्थेत असतात, त्यांना वास नसतो. आंबताना यीस्ट ती मोकळी करतं आणि पेरू, पॅशनफ्रूट असे वास येतात. थंड तापमानात आंबवलं की यीस्टनं तयार केलेले फळांसारखे वासही उडून न जाता वाईनमध्ये राहतात. पण हे सगळे वास नाजूक आहेत. हवा लागली किंवा बाटली गरम जागी पडून राहिली की काही महिन्यांत उतरतात. म्हणून ताजी शेनिन जुनी घेऊ नये.

रानजाई, तुम्ही फेब्रुवारीत जाताय हे इथे महत्त्वाचं आहे. तिकडे तोडणी जानेवारी ते मार्च-एप्रिल अशी चालते. तुमच्या वेळी यंदाची द्राक्षं वेलीवर किंवा टाकीत असतील. त्यामुळे ताज्या शेनिनच्या आणि सोव्हिन्यों ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाईनच्या बाटलीवर मागच्या वर्षाचा आकडा हवा. त्याहून दोन-तीन वर्षं जुनी, लाकडाविना केलेली पांढरी वाईन "स्वस्तात आहे" म्हणून पुढे केली तर नको म्हणा.

गोदाकाठ
नाशिकच्या शेनिनची सवय असलेल्यांसाठी: आपल्याकडे बऱ्याच शेनिनमध्ये जाणवेल इतकी साखर ठेवलेली असते आणि आंबटपणा मऊ असतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, केप ३३-३४ अंश दक्षिणेला, शिवाय तिकडे अटलांटिकमधल्या बेंग्वेला या थंड प्रवाहाचा गारवा आणि उन्हाळ्यात जोरदार आग्नेय वारा. द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. केपची पहिली ड्राय शेनिन त्यामुळे आंबट वाटण्याची शक्यता आहे. ती नुसती पिऊ नका, मासे किंवा चीज तोंडात असताना प्या. गोडसर हवीच असेल तर 'ऑफ-ड्राय' किंवा 'सेमी-ड्राय' म्हणून मागा.

ओकपिंप
पिनोटाजवर लिहितो, कारण या वाईनबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

१९२५ मध्ये स्टेलेनबॉशला अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सॅन्सो या दोन द्राक्षांचा संकर केला. बाटलीवर हे नाव घेऊन ती बाजारात आली ती १९६१ मध्ये, लांझेराक या नावाखाली १९५९ च्या हंगामाची. द्राक्ष लवकर पिकतं, साखर भरपूर धरतं आणि झपाट्यानं आंबतं. सगळी गडबड या झपाट्यात आहे. टाकी तापू दिली की केळ्याचा आणि नेलपॉलिशचा वास येतो. साल-बिया जास्त वेळ रसात राहिल्या की शेवटी कडवटपणा उतरतो. २००८ च्या आसपास ब्रिटिश समीक्षक केपच्या लाल वाईनमध्ये जळक्या रबराचा वास येतो असं लिहू लागले, तेव्हा पिनोटाजचं नाव विशेष बदनाम झालं.

नीट केलेली पिनोटाज वेगळीच असते. स्टेलेनबॉशच्या कॅनोनकॉप वाईनरीत उघड्या, उथळ सिमेंटच्या हौदांत आंबवतात आणि वर येणारा सालींचा थर दर दोन तासांनी हातानं खाली दाबतात. रंग आणि चव पटकन उतरते आणि कडवटपणा यायच्या आत साली वेगळ्या काढता येतात. तोंडात आलुबुखार, काळी तुती, थोडा धूर, कोको, कधी लाल मातीसारखी झाक. १६ ते १७ अंशांना द्या, पाच-सहा वर्षं जुनी मिळाली तर ती घ्या.

लिस्टवर तीन प्रकार ओळखा. हलकी, लाकडाविना किंवा जुन्या पिंपातली; पिंपातली भरदार; आणि 'कॉफी पिनोटाज'. या तिसऱ्या प्रकाराची सुरुवात २००१ च्या सुमारास डीमर्सफाँटेन वाईनरीतून झाली. त्यात कॉफी घातलेली नसते. जास्त भाजलेल्या ओकच्या पट्ट्या आणि ठरावीक यीस्ट यांतून कॉफी-चॉकलेटचा वास येतो. पहिला घोट मजेदार, पण जेवणभर तोच एक सूर लागतो. द्राक्षाची चव समजून घ्यायची असेल तर ही मागवू नका.

तिखटजाळ
कॉफी पिनोटाजबद्दल १००% सहमत. पण पिनोटाज करीबरोबर चालते असं तिकडचे वेटर सर्रास सांगतात, त्याला माझा विरोध आहे.
मिरचीची आग तोंडात असताना १४.५% अल्कोहोल आग वाढवतं, टॅनिनचा तुरटपणा तिच्यावर चढतो आणि फळाची चव गायब होते. ओकचा कडवटपणा तेवढा उरतो. डर्बन पद्धतीची करी, बनी चाव (पोखरलेल्या पावात भरलेली करी), पेरी-पेरी चिकन यांच्याबरोबर लाल वाईनच नको. १३% च्या आतली, लिटरला ५ ते १२ ग्रॅम साखर असलेली थंडगार शेनिन घ्या. साखर आग शमवते आणि आंबटपणा तेल कापतो.

ओकपिंप
@तिखटजाळ, भरदार पिनोटाजबद्दल तुमचं बरोबर. लाल वाईन सरसकट बाद करायला मात्र मी तयार नाही. लाकडाविना केलेली पिनोटाज किंवा सॅन्सो १३-१४ अंशांपर्यंत गार करून द्या. सॅन्सोत टॅनिन कमी, अल्कोहोल बहुधा १२ ते १३%, चव स्ट्रॉबेरी, डाळिंब, कोऱ्या चहासारखी. मध्यम तिखटाला, मसाल्यातल्या वांग्याला, मटणाच्या सोसाटीला (सळईवर भाजलेल्या तुकड्यांना) ती पांढऱ्या वाईनपेक्षा जास्त जुळते. मटणाच्या चवीला पांढरी शेनिन पुरी पडत नाही.

तिखटजाळ
गार सॅन्सो मान्य. मध्यम तिखटापर्यंतच पण!

मिरगाव_पाटील
केप मलय, म्हणजे केप टाउनच्या मुसलमान समाजाच्या, जेवणाचं काय? ते तिखट म्हणायचं की गोड?

केपवासी
तिखटापेक्षा मसालेदार आणि आंबटगोड. बोबोटीत खिम्याला करीचा मसाला, जर्दाळूचा जॅम, मनुका आणि वर अंड्या-दुधाचा थर लावून ओव्हनमध्ये भाजतात. त्यात फळाचा गोडवा असल्यामुळे कडक ड्राय सोव्हिन्यों तिच्यापुढे पाण्यासारखी पातळ आणि आंबट लागते. जुन्या वेलींची शेनिन किंवा व्हियोनिए ही दुसरी पांढरी घ्या; दोन्हींत जर्दाळू आहेच. स्नूक हा तिकडचा तेलकट, चवीला जोरकस मासा कोळशावर भाजताना त्यालाही जर्दाळूचा जॅम लावतात, तिथेही हाच हिशोब. सिरक्यात मुरवलेल्या करीच्या माशाबरोबर मात्र कुठलीही भारी बाटली फोडू नका. सिरका वाईनला मारतो. साधी ताजी शेनिन पुरे.

एक सूचना. केप टाउनच्या बो-काप वस्तीतली केप मलय खानावळी-रेस्टॉरंटं बहुतेक हलाल आहेत, तिथे वाईन मिळत नाही आणि सोबत नेणंही योग्य नाही. तिथलं जेवण वाईनशिवाय जेवा. शहरातल्या इतर रेस्टॉरंटांत बोबोटी वाईनबरोबर मिळते.

कोकणकडा
थोडं अवांतर, पण नातं खरं आहे. केप टाउनच्या मुसलमान समाजात रत्नागिरी आणि आताच्या रायगड भागातून गेलेली कोकणी कुटुंबंही आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून. केपच्या मसाल्याच्या स्वयंपाकात आग्नेय आशियातून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा वाटा मोठा आहेच, पण हिंदुस्थानी किनाऱ्यावरून गेलेल्यांचाही आहे. तिथे समोसा, रोटी, भाताचे प्रकार ओळखीचे वाटले तर नवल नको.

दगडफूल
हे माहीत नव्हतं. धन्यवाद! वाचनखूण साठवली आहे.

निळीशाई
सोव्हिन्यों ब्लांबद्दल कुणी बोललंच नाही. केपमध्ये तिची चव जागेवर फार बदलते. डर्बनव्हिल, कॉन्स्टँशिया, डार्लिंग, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचं एलिम हे समुद्राच्या वाऱ्यातले भाग. तिथे हिरवी ढोबळी मिरची, शतावरी, कापलेलं गवत, ओल्या दगडाचा गारवा. आतल्या गरम भागात पिकलेलं पपनस, पॅशनफ्रूट आणि कमी धार. ढोबळी मिरचीचा वास द्राक्षातल्याच पायराझीन नावाच्या संयुगांचा. ऊन आणि उष्णता जास्त झाली की ती घटतात.
कालवं, शिंपले, बकरीच्या दुधाचं चीज, कोथिंबीर-पुदिना असलेलं काहीही, यांना किनाऱ्याची सोव्हिन्यों घ्या. रानजाईंच्या शाकाहारी दोघांना पालक, शतावरी, वाटाणा असे पदार्थ हमखास मिळतील. त्यांच्याबरोबर लाल वाईन धातूसारखी लागते, ही मात्र जुळते.

रानजाई
छान माहिती मिळते आहे. शाकाहारी दोघांचा आणखी एक प्रश्न: वाईन शाकाहारी असते का?

निळीशाई
नेहमीच नाही. वाईन निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग वापरतात, मुख्यतः लाल वाईनमध्ये टॅनिन मऊ करायला. पांढरीत माशाच्या फुग्यापासून काढलेलं आयसिंग्लास किंवा दुधातलं केसीन. ते तळाशी बसतं आणि वाईन वरून काढून घेतात, म्हणजे बाटलीत ते घटक म्हणून राहत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न असेल तर नको. बेंटोनाइट ही माती आणि वाटाण्याचं प्रथिन हे पर्याय आहेत, आणि न निवळता भरलेल्या वाईनही मिळतात. लिस्टवर किंवा मागच्या लेबलवर 'व्हीगन' लिहिलं आहे का पाहा. लेबलवर नसेल तर वाईनरीतल्या रेस्टॉरंटमध्ये विचारा, तिथल्या माणसाला हे माहीत असतं.

सह्यवारा
लेबल वाचायचं म्हणून थोडं.
१९७३ पासून तिकडे 'वाईन ऑफ ओरिजिन' पद्धत आहे. लेबलवर ठिकाण लिहिलं असेल तर १००% द्राक्षं तिथली हवीत. द्राक्षाचं नाव किंवा वर्ष लिहायचं तर किमान ८५% त्याचं. म्हणजे 'शिराझ' लिहिलेल्या बाटलीत १५% पर्यंत दुसरं काही असू शकतं, आणि त्यात वावगं काही नाही.
बाटलीच्या गळ्यावर प्रमाणपत्राची छोटी पट्टी असते. तिच्यावर 'हेरिटेज व्हिनयार्ड' आणि लागवडीचं वर्ष दिसलं तर वेली किमान ३५ वर्षांच्या आहेत. 'ओल्ड व्हाइन' हे शब्द नुसते लेबलवर कुणीही छापू शकतं. लागवडीचं वर्ष असलेली पट्टी हा पुरावा. लिस्टमध्ये ती दिसत नाही, म्हणून बाटली टेबलावर आली की उघडण्याआधी पाहा.
'शिराझ' आणि 'सिरा' एकच द्राक्ष. पण केपमध्ये 'सिरा' लिहिणारे बहुतेक मिरी, जांभळी फुलं, कमी ओक या बाजूचे. 'शिराझ' लिहिणारे पिकलेल्या, गोडसर, लाकडाच्या बाजूचे. नियम नाही, पण लिस्ट वाचताना हा संकेत बऱ्यापैकी खरा ठरतो.

ओकपिंप
+१. त्यात 'केप ब्लेंड'ची भर घालतो. यात पिनोटाज असते आणि तिच्यासोबत कॅबर्ने, मर्लो, शिराझ वगैरे लाल द्राक्षं. पिनोटाज साधारण ३० ते ७०% असावी असा संकेत आहे, कायदा नाही. भाजलेल्या मटणाला, कुडू किंवा स्प्रिंगबॉकसारख्या हरणाच्या मांसाला ही चांगली. नुसत्या पिनोटाजबद्दल खात्री नसलेल्यांनी इथून सुरुवात करावी.
कारू भागातल्या मेंढीच्या मटणाला मात्र स्टेलेनबॉशची कॅबर्ने. सिमॉन्सबर्ग आणि हेल्डरबर्ग डोंगरांच्या उताराच्या कॅबर्नेत ब्लॅककरंटसारखं फळ, देवदाराचं लाकूड, थोडा पुदिना आणि घट्ट टॅनिन असतं. चरबी आणि मीठ ते टॅनिन मऊ करतात. २०१५ आणि २०१७ ही वर्षं लिस्टवर दिसली आणि खिशाला परवडली तर सोडू नका. आधी तासभर डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद काचेच्या भांड्यात, ओतायला सांगा.

सारंगा
डिकँटर सगळ्यांना नको. जुन्या पिनो न्वारला किंवा दहा-बारा वर्षांच्या शेनिनला तासभर हवा दिली तर वास उडून जातो. त्या ग्लासातच उलगडू द्या.
उलट काडी ओढल्यासारखा, थोडा अंडं उकडल्यासारखा वास आला तर ती बाटली खराब आहे असं लगेच ठरवू नका. हवेअभावी असे वास येतात, स्क्रूकॅपच्या बाटल्यांत जास्त. ग्लास जोरात फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, बहुतेकदा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसटलेल्या तळघराचा वास असेल तर तो बुचाचा दोष. तो थांबून जात नाही, वाढतो. बाटली परत करा. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये वाद होत नाही. वेटर चाखायला थोडी ओततो ती याच तपासणीसाठी. "चव आवडली नाही" हे बाटली परत करायचं कारण होत नाही.

मिरगाव_पाटील
पिनो न्वारचं नाव आलंच आहे तर, केपमध्ये ती कुठली घ्यावी?

सारंगा
हर्मानसजवळचं हेमेल-एन-आर्डे खोरं. हॅमिल्टन रसेलसारखी नावं प्रसिद्ध आहेत आणि स्वस्त नाहीत. समुद्र जवळ असल्यानं उन्हाळा सौम्य. चेरी, रासबेरी, ओली माती, मशरूम. चिकन, बदक, मशरूमच्या पदार्थांना. शाकाहारी मंडळींनी लाल मागवायची असेल तर मशरूम रिसोटोबरोबर हीच. १४ ते १५ अंशांना. एल्गिनची पिनो न्वार आणि शार्दोनेही थंड हवेतल्या, आणि लिस्टवर बऱ्याचदा त्या मानानं स्वस्त पडतात.

सह्यवारा
तापमानावरून आठवलं. फेब्रुवारीत तिकडे कडक उन्हाळा. बाहेरच्या टेबलावर लाल वाईन २६-२७ अंशांची येते आणि तिच्यातून फक्त अल्कोहोलचा भपकारा येतो. संकोच न करता बर्फाची बादली मागा. बादलीत नुसता बर्फ नको, अर्धा बर्फ अर्धं पाणी. नुसत्या बर्फाचा बाटलीला पुरता स्पर्श होत नाही. दहा-बारा मिनिटांत लाल वाईन जागेवर येते. पांढरी २५-३० मिनिटं. जुन्या वेलींची शेनिन बादलीतून काढून टेबलावर ठेवा, परत बुडवू नका.

गोदाकाठ
ग्लासानं घ्यावी की बाटली?

केपवासी
सहा जणांना बाटली. ७५० मि.ली. बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात. ग्लासानं घेताना किती मि.ली. ओततात ते विचारा, ठिकाणागणिक फरक असतो, म्हणून नुसती किंमत पाहून तुलना करू नका. आणि बाटली कधी उघडली हेही विचारा. लाकडाविना केलेली पांढरी वाईन दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक, पुढे तिचा पेरू संपतो.
स्वतःची बाटली नेण्याची पद्धत केपमध्ये रुळलेली आहे. रेस्टॉरंट बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे ती उघडून देण्याचं शुल्क, घेतं, काही ठिकाणी परवानगीच नसते, म्हणून टेबल राखतानाच फोनवर विचारा. त्यांच्याच लिस्टवर असलेली बाटली नेऊ नये, आणि सगळ्याच बाटल्या स्वतःच्या नेऊ नयेत. वाईनरीत आवडलेली एखादी जुन्या वेलींची शेनिन न्यायला हा उत्तम मार्ग आहे. टीप १० ते १५%.
गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातली मर्यादा १०० मि.ली. मागे ०.०५ ग्रॅम आहे. चालकानं पिऊच नये. फ्रांशहुकमध्ये वाईन ट्राम आहे, मळ्यातल्या रेस्टॉरंटांना तीच सोयीची.

निळीशाई
फसफसत्या वाईनला विसरू नका. 'कॅप क्लासिक' लिहिलेली बाटली म्हणजे दुसरं आंबवणं त्याच बाटलीत झालेली, शँपेनच्याच पद्धतीनं. पहिली १९७१ मध्ये सिमॉन्सिग वाईनरीनं केली, आणि ती शेनिनची होती. आता मुख्यतः शार्दोने आणि पिनो न्वार. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, ताजा ब्रेड. रॉबर्टसन भागातल्या चुनखडीच्या जमिनीतली शार्दोने यासाठी नावाजलेली. नुसतं 'स्पार्कलिंग' लिहिलं असेल तर बुडबुडे टाकीत किंवा सोडावॉटरसारखे वायू भरूनही आणलेले असू शकतात.
तळलेल्या पदार्थांबरोबर कॅप क्लासिकसारखं दुसरं काही नाही. समोसे, कालामारी, बटाट्याचे चिप्स.

तिखटजाळ
तिखट समोश्यालाही चालेल का? 'ब्रूट' लिहिलेल्या कॅप क्लासिकमध्येही साखर असते ना?

निळीशाई
ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत असते, पण आंबटपणामुळे ती जाणवत नाही. आणि बुडबुडे तिखट जास्त टोचवतात. फार तिखट असेल तर तुमची ऑफ-ड्राय शेनिनच बरी. कॅप क्लासिकच हवी असेल तर 'डेमी-सेक', म्हणजे गोडसर, मागा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नावर येते: सहा जण, निवांत दुपारचं जेवण, प्रत्यक्षात ऑर्डर काय द्यायची? आणि गोड पदार्थाबरोबर?

केपवासी
माझी ऑर्डर अशी असेल. बसल्या बसल्या एक कॅप क्लासिक, १२५ मि.ली. प्रमाणे बरोबर सहा ग्लास. त्याच वेळी जुन्या वेलींची शेनिन आणि लाल बाटली निवडून वेटरकडे द्या: शेनिन फार गार नको, लाल बादलीत दहा मिनिटं. मासे, भाज्या, बोबोटी यांच्याबरोबर शेनिन. मटण असेल तर केप ब्लेंड, मशरूम-चिकन असेल तर पिनो न्वार, आणि टेबलावर सगळंच मिसळलेलं असेल तर सॅन्सो. तीन बाटल्यांत माणशी ३७५ मि.ली. होते, दुपारच्या उन्हात त्यापुढे जाऊ नये. पाण्याचा जग मात्र मोकळा होऊ देऊ नका.

सारंगा
गोडाचं मी सांगते. वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि रोडकी लागते. माल्व्हा पुडिंग जर्दाळूच्या जॅमचं, वर गरम क्रीमचा गोड सॉस ओतलेलं, म्हणजे भलतंच गोड. त्याला 'नोबल लेट हार्वेस्ट': बुरशीनं सुकवलेल्या द्राक्षांची, लिटरला ५० ग्रॅमच्या वर साखर, बऱ्याचदा त्याच्या दुप्पट-तिप्पट. संत्र्याची साल, मध, जर्दाळू. ३७५ मि.ली.ची बाटली घ्या, ६० मि.ली. प्रमाणे सहा जणांना पुरते.
कॉन्स्टँशियात जेवत असाल तर 'व्हॅं द कॉन्स्टांस' ग्लासानं मिळते का विचारा. मस्कत द्राक्षाची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कॉन्स्टँशियाची गोड वाईन युरोपच्या राजघराण्यांत जात होती, सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही पोचत होती. मग बंद पडली आणि क्लाइन कॉन्स्टँशिया वाईनरीनं १९८६ च्या हंगामापासून पुन्हा सुरू केली. महाग आहे, पण एक ग्लास दोघांत पुरतो. गुलाब, आलं, संत्र्याचा मुरांबा.

ओकपिंप
चॉकलेटचा पदार्थ असेल तर यातली कुठलीच नको. कॅलिट्झडॉर्पची 'केप रुबी' किंवा 'केप व्हिंटेज' घ्या, पोर्ट पद्धतीची, मद्यार्क घालून गोडवा राखलेली. रुबी ग्लासानं बिनधास्त घ्या, तिची उघडलेली बाटली दोन-तीन आठवडे टिकते.

तिखटजाळ
केपवासींच्या ऑर्डरमध्ये एकच बदल. तिखट खाणाऱ्या दोघांसाठी ऑफ-ड्राय शेनिनचे दोन ग्लास वेगळे मागवा आणि ते करी टेबलावर येईपर्यंत बर्फात राहू द्या.

केपवासी
मान्य. त्या दोघांचा लाल वाटा मग सॅन्सोवाल्यांकडे जाईल.